पाणी आणणारे शंभर, पाणी काढणारा कोण?



गेल्या दोन महिन्यांत आपल्या तीन तालुका बैठकांत एकच पत्रक हातोहात फिरले. गुळगुळीत कागद, त्यावर हिरव्या कोंबांच्या जुडीचा फोटो आणि शेजारी जाड पांढऱ्या दांड्याची कांद्यासारखी पात. एकाचे नाव ॲस्पॅरॅगस, दुसऱ्याचे लीक. ॲस्पॅरॅगसला पत्रकाने 'परदेशी शतावरी' असे बारसे करून दिले आहे, म्हणजे आपल्याला ते घरचे वाटावे. पत्रक सांगते की मालवणच्या पाणथळ मळ्यात ही पिके उभी आहेत, मग तुमच्या काळ्या कसदार जमिनीत का नाही? रोपांचे पैसे आगाऊ भरायचे, माल परत घ्यायची हमी कंपनीची. हमी कुठे लिहिली आहे असे एका कार्यकर्त्याने विचारले, तर एजंट म्हणाला, विश्वासावर जग चालते.

जग कशावर चालते ते आम्हाला ठाऊक नाही. कापूसवाल्याचे जग उधारीवर चालते एवढे ठाऊक आहे. काही गावांत मंडळी पैसे भरायच्या बेतात होती. त्यांना चार दिवस थांबा म्हटले आणि आम्ही तिघे मालवणला जाऊन आलो. जे पाहिले ते इथे मांडतो आहोत. पत्रकाची लबाडी उघडी पाडण्यापुरते लिहायचे तर अर्धे पान पुरले असते. पण मालवणच्या मळ्यात आम्हाला आपल्याच वावरातला एक जुना रोग दिसला, म्हणून पान वाढले.

आपल्यापैकी अनेकांनी कोकण पाहिलेले नाही, म्हणून आधी जमीन सांगतो. सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या कोरडवाहू पट्ट्यात सातशे ते हजार. एवढ्या पावसात सगळी जमीन सारखी नसते. वर जांभ्या दगडाचा सडा, त्याखाली उताराची भरड जमीन आणि सगळ्यात खाली व्हाळाच्या काठचा मळा. किनाऱ्याला पुळण, म्हणजे वाळू. खाडीकाठी खाजण. मळ्यात पावसाळाभर भात. आश्विन-कार्तिकात भात कापला की त्याच कुणग्यांत भाजीचे वाफे पडतात : तांबडी भाजी, मुळा, चवळी, वांगी. व्हाळाला माती-दगडाचा कच्चा बांध घालून पाणी अडवायचे आणि वाफ्यांना द्यायचे. जमीन गुंठ्यांत मोजायची आणि सातबारावर नावे डझनाने, त्यातली निम्मी मुंबईत.

पत्रकातला तो प्लॉट आम्हाला मसुरे गावाच्या बाजूला सापडला. सापडला म्हणजे त्याची जागा सापडली. प्लॉट नव्हता. कुणग्यात भाताची धसकटे होती आणि मेरेवर दोन-चार वाळकी झुडपे. शेजारच्या कुणग्यात एक आजी वाफे ओढत होती. तिने सांगितले ते असे. भात कापल्यावर कंपनीची माणसे आली, सपाट मळ्यात रोपे लावली. हिवाळाभर आणि उन्हाळाभर ती छान वाढली. एप्रिलमध्ये फोटोवाला आला. जूनमध्ये पाऊस आला. जुलै संपायच्या आत मुळांचे गड्डे कुजून त्यांचा लगदा झाला. पत्रकावरचा फोटो एप्रिलचा आहे. जुलैचा फोटो काढायला कोणी आले नाही.

आम्ही आजीला विचारले, तुम्हाला हे आधी कळले होते का? तिने आमच्याकडे असे पाहिले की आमच्यातल्या कृषी पदवीधराने मान खाली घातली. "ह्येचो पाय सुको रवाक होयो," ती म्हणाली. "पाण्यात ऱ्हवता तो भात. बाकी सगळा कुसता." या झाडाचा पाय कोरडा राहिला पाहिजे. पाण्यात तग धरतो तो भात, बाकी सगळे कुजते. विद्यापीठात आम्ही निचऱ्यावर अख्खे प्रकरण पाठ केले होते, त्याचा सारांश एवढाच होता.

ते प्रकरण आता तुमच्या भाषेत सांगतो. आपल्याकडे 'वाफसा' हा शब्द आहे, आणि त्यात सगळे शास्त्र आले. मातीच्या कणांमध्ये पोकळी असते. त्या पोकळीत काही पाणी आणि काही हवा असली म्हणजे वाफसा. मुळे श्वास घेतात, त्यांना हवा लागते. पोकळी पूर्ण पाण्याने भरली की एक-दोन दिवसांत मातीतला प्राणवायू संपतो. मग मूळ गुदमरते, गुदमरलेल्या मुळात बुरशी शिरते आणि आपण म्हणतो रोग आला. रोग मागून येतो. आधी पाणी साचते. भाताच्या देठातून मुळापर्यंत हवेच्या पोकळ नळ्या असतात, म्हणून भात पाण्यात जगतो. ॲस्पॅरॅगसला तशी सोय नाही. शिवाय ते बहुवर्षायू पीक आहे. एकदा लावले की चांगल्या जमिनीत पंधरा वर्षे टिकते, मुळे कित्येक फूट खोल जातात. म्हणजे त्या गड्ड्याला एक नव्हे, पंधरा पावसाळे काढायचे असतात. मालवणच्या मळ्यात त्याला एकही काढता आला नाही.

एजंटाकडे याला उत्तर होते. ॲस्पॅरॅगस मुळात समुद्रकाठची वनस्पती आहे, क्षार सोसते, म्हणून खाडीकाठी चालणारच. यातला पहिला भाग खरा आहे. क्षार सोसण्यात भाजीपाल्यात त्याचा नंबर फार वर लागतो. पण ते समुद्रकाठचे आहे ते वाळूच्या टेकाडावरचे. पाणी तिथे पडते आणि निघून जाते. खारटपणा सोसणे वेगळे आणि चिखलात उभे राहणे वेगळे. या पिकाच्या निर्यातीत पेरू देश आघाडीवर आहे आणि तिथे ते पिकते कुठे, तर समुद्रकाठच्या वाळवंटात, जिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. सगळे पाणी मोजून द्यायचे. त्यापायी इका नावाच्या खोऱ्यातले भूजल इतके खाली गेले की गावकऱ्यांच्या विहिरींचा प्रश्न उभा राहिला, ती गोष्ट आणखी वेगळी. वाळवंटातले पीक ३,००० मिलिमीटरच्या मळ्यात सपाट लावणारा माणूस एक तर अडाणी आहे, नाही तर त्याचा धंदा रोपे विकण्याचा आहे. आमच्या मते हा माणूस अडाणी नाही.

लीकबद्दल मात्र न्यायाने बोलले पाहिजे. ते कांदा-लसणाच्या कुळातले. गड्डा धरत नाही, जाड पांढऱ्या दांड्यासाठी वाढवतात आणि दांडा पांढरा राहावा म्हणून मातीची भर देत जातात. मुळे उथळ असल्याने उंच वाफ्यावर ते ओलीत जगते. त्या आजीनेच परड्यात तीन ओळी लावल्या होत्या, तारकर्लीच्या एका हॉटेलवाल्यासाठी. रोपे जगली होती. पण लीक थंड हवेचे पीक आहे, चार-पाच महिने गारवा मागते. मालवणच्या दमट उबेत दांडा जेमतेम बोटाएवढा झाला. हॉटेलवाला आठवड्याला दोन जुड्या नेतो. आजी खूश आहे, कारण तिने त्यासाठी कर्ज काढलेले नाही आणि बाजूच्या वाफ्यातला मुळा रोज विकला जातो.

बाजाराचेही बघा. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण धावते. २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ उघडला, २०२३ च्या जानेवारीत शेजारी गोव्यात मोपाहून विमाने उडू लागली. एजंट ही सगळी यादी पाठ म्हणतो. पण गोव्याच्या हॉटेलांना रोजची भाजी बेळगावहून घाट उतरून येते. बेळगावला हवा आहे, जमीन आहे आणि पिढ्यांची सवय आहे. पुणे, सातारा, नाशिककडचे शेतकरी परदेशी भाज्या कधीपासून करतात. त्यांना टक्कर द्यायची ती मालवणच्या चिखलातून, आणि आता आमच्या पऱ्हाटीच्या रानातून!

मग ओल्या जमिनीत ही पिके होतच नाहीत का? होतात. जमीन उचलावी लागते. किती उचलावी लागते याचा हिशोब पत्रकात नाही, तो आम्ही करून देतो. चार फुटांचा गादीवाफा, मध्ये दोन फूट रुंद आणि दीड फूट खोल चर. एका एकरात असे ७,२६० फूट चर खणावे लागतात. निघालेली माती २१,७८० घनफूट, म्हणजे जवळजवळ २१८ ब्रास. ती वाफ्यावर पसरली की वाफा पाऊण फूट चढतो आणि चराच्या तळापासून सव्वादोन फूट उंच होतो. इतके झाले म्हणजे गड्ड्याचा पाय जरा कोरडा राहील. आता एक माणूस दिवसाला किती माती खणून वर टाकतो ते तुम्ही जाणता. एक ब्रास धरला, आणि तो धरणे हेही निष्ठुरपणाचे आहे, तरी एकराला २१८ दिवसांची मजुरी झाली. दर पावसाळ्यानंतर चर उपसायचे ते निराळे. एका गुंठ्याला साडेपाच ब्रास. घरामागच्या दोन गुंठ्यांत एखादे कुटुंब दिवाळीच्या सुटीत हे करू शकते. आजीने परड्यात तेच केले आहे. एकरावर हे करायचे तर आधी एकराचा खर्च दाखवा, मग एकरी लाखांच्या गोष्टी करा.

त्यावर आणखी गंमत म्हणजे ॲस्पॅरॅगसचे कोंब तिसऱ्या वर्षापासून नीट काढता येतात. पहिली दोन वर्षे गड्डा पोसायचा. आपले पीक कर्ज एका हंगामाचे. मार्चअखेर आला की सोसायटीचा माणूस दारात. तीन वर्षे ज्या पिकाला तोंड नाही त्याला एका वर्षाच्या कर्जावर कोण पोसणार?

हा खेळ आपण पहिल्यांदा पाहत नाही. २००० सालच्या आसपास सफेद मुसळीची लाट आली होती ती आठवा. मुसळी ही कुळाने या शतावरीचीच नातलग. कंद विकणारे तेच आणि माल परत घेणारेही तेच. पहिल्या वर्षी शेतकऱ्याचा कंद पुढच्या शेतकऱ्याला बियाणे म्हणून विकला गेला आणि भाव चढलेला दिसला. कोणी औषधासाठी घेत होते म्हणून तो चढला नव्हता, पुढचा गिऱ्हाईक शेतकरी मिळत होता म्हणून चढला होता. शेतकरी मिळायचा थांबला त्या दिवशी भाव बसला. मग इमू आले, मग कडकनाथ आले. पक्षी बदलले, पिंजरा तोच.

इथे कोणी आम्हाला विचारेल की आपली चळवळ नव्या पिकांच्या आणि निर्यातीच्या विरोधात कधीपासून गेली? नाही गेली. १९९१ साली शेगावला शरद जोशींनी चतुरंग शेतीचा कार्यक्रम मांडला, त्यात निर्यातशेती हे एक अंग होते. शेतकऱ्याने काय पिकवावे हे त्याचे त्याने ठरवावे, सरकारने नव्हे आणि कार्यकर्त्यानेही नव्हे, ही आपली भूमिका कायम आहे. ज्याच्याकडे निचऱ्याची हलकी जमीन आहे, थंड हवा आहे, लेखी करार आहे आणि तीन वर्षे थांबायची ऐपत आहे, त्याने खुशाल ॲस्पॅरॅगस लावावे. आम्ही त्याच्या बांधावर पेढे खायला येऊ. पण स्वातंत्र्य म्हणजे आंधळेपणाने उडी मारणे नव्हे. उडी मारणाऱ्याला खाली पाणी किती हे सांगितले पाहिजे.

आता आपल्या वावरात या. आम्ही कोरडवाहू शेतकरी. आमचे सगळे आयुष्य पाण्याची वाट बघण्यात जाते, आमच्या मोर्चांची घोषणा पाण्याची, आमच्या पुढाऱ्यांची आश्वासने धरणाची. आणि तरी दर दोन-तीन वर्षांनी जुलै-ऑगस्टात आमच्या वावरात पाणी साचते. काळी माती फुगते, भेगा मिटतात, वरचे पाणी खाली जात नाही. पऱ्हाटी पिवळी पडते. टाकलेल्या युरियातला नत्र वायू होऊन उडून जातो, पैसे भरलेले असतात ते गेलेच. मधे उघडीप पडून पुन्हा जोराचा पाऊस आला की भर बोंडावर आलेले झाड दोन दिवसांत मान टाकते. त्याला शास्त्रज्ञ आकस्मिक मर म्हणतात, आपण कपाशी उमळली म्हणतो. त्यावर कृषी केंद्रवाला तीन बाटल्या देतो. पहिला उपाय साचलेले पाणी काढणे हा आहे आणि तो बाटलीत मिळत नाही. ज्वारी थोडे सोसते, कपाशी आणि तूर सोसत नाहीत. ऑगस्टात गुदमरून मुळे वरच राहिलेली हीच कपाशी सप्टेंबर-ऑक्टोबरात ओल असूनही सुकते, कारण ओल खाली आहे आणि मुळे वर. अशा वेळी पंचनाम्यात दुष्काळ लिहितात.

मालवणच्या मळ्यातला कुजलेला गड्डा आणि यवतमाळच्या वावरात उमळलेली पऱ्हाटी यांचे मरण एकच आहे. मालवणात ते दर पावसाळ्यात येते म्हणून तिथल्या आजीला तोंडपाठ आहे. आपल्याकडे अधूनमधून येते म्हणून आपण त्याला नशीब म्हणतो.

सिंचनाची आकडेवारी राज्यात कोपऱ्या-कोपऱ्याची निघते. किती हेक्टर भिजले, किती विहिरी, किती शेततळी. किती हेक्टरांचा निचरा झाला हे कुठल्या सभागृहात कोणी विचारलेले तुम्ही ऐकले आहे का? धरणाला ठेकेदार आहे, पाइपाला कंपनी आहे, ठिबकला अनुदान आहे. चराला काय आहे? कुदळ. २००५ च्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यातल्या कामांच्या यादीत पाणथळ भागाचा निचरा हे काम लिहिलेले होते. तुमच्या गावात त्या कायद्याखाली शेततळी झाली, रस्ते झाले. निचऱ्याचा एक तरी चर निघाला का, ते गावात विचारून पाहा. हमीभावासाठी उत्पादन खर्च काढणाऱ्यांच्या तक्त्यात तरी तो कुठे दिसतो?

तसे पाहिले तर सरकारने निचरा कधी केलाच नाही असे नाही. मालवणात आम्ही खाडीकाठचे खार बंधारे पाहिले. बंधाऱ्याला उघाडी नावाची झडप असते. भरती आली की खाडीच्या पाण्याने ती आपोआप मिटते, ओहोटीला आतले गोडे पाणी रेटून ती उघडते. वीज नाही, डिझेल नाही. या कामासाठी मुंबई राज्यात १९४८ साली कायदा झाला, पुढे महाराष्ट्राने १९७९ साली खार जमीन विकास कायदा केला. आम्ही पाहिलेल्या एका उघाडीची फळी मोडली होती आणि खारे पाणी भाताच्या कुणग्यात फिरत होते. फळी बसवायची कोणी यावर गाव आणि कचेरी यांच्यात पत्रव्यवहार चालू होता. तरी तत्त्व ध्यानात घ्या : पाणी बाहेर काढणे हे एकट्या शेतकऱ्याचे काम नाही, सार्वजनिक काम आहे, हे कोकणापुरते सरकारने कायद्याने मान्य केलेले आहे. आपल्यापुरते नाही.

एकट्याचे काम का नाही? कारण माझ्या वावरातले पाणी काढले की ते तुझ्या वावरात जाते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात उसाला पाणी देऊन-देऊन जमिनी क्षारपड झाल्या. तिथे शेतकऱ्यांनी एकत्र येऊन, साखर कारखान्याला हाताशी धरून, जमिनीखाली सच्छिद्र पाइप घातले आणि शेवटचे तोंड नाल्याला काढले. मिठाने पांढऱ्या पडलेल्या जमिनी पुन्हा पिकल्या. एकट्याने पाइप घातला असता तर शेजाऱ्याच्या धुऱ्यापाशी तो संपला असता.

आपल्याला पाइपाची गरज बहुतेक ठिकाणी नाही. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने काळ्या जमिनीसाठी रुंद वाफा आणि सरीची पद्धत १९७० च्या दशकातच बसवली : दीड मीटरवर एक सरी, शंभर फुटांत साधारण अर्धा फूट उतार, बैलजोडीच्या अवजाराने होणारे काम. कमी पावसात सरी ओल धरते, जास्त पावसात पाणी काढून देते. ती पद्धत आपल्या बांधावर यायला चाळीस वर्षे लागली. जागतिक बँकेच्या कर्जावर २०१८ साली सुरू झालेल्या कृषी संजीवनी प्रकल्पात सोयाबीनसाठी तिचा गाजावाजा झाला. परदेशी कोंबाचे पत्रक मात्र चाळीस दिवसांत पोचते. सरी विकून कोणाला कमिशन मिळत नाही, एवढेच त्याचे कारण. २१८ ब्रासची कुदळही इथे लागत नाही. पेरणीच्या वेळीच नांगर फिरतो आहे तोवर उताराच्या दिशेने काम होते. अडते ते शेवटच्या टोकाला, जिथे सरीचे पाणी कुठे सोडायचे हा प्रश्न येतो.

तिथे भांडणे होतात. वरच्याचे पाणी खालच्याने धुरा घालून अडवले, नाला नांगरून टाकला, नाहीतर नवा रस्ता झाला आणि त्याखाली मोरीच ठेवली नाही. यातल्या पहिल्या दोन गोष्टींसाठी दिवाणी कोर्टात दहा वर्षे घालवायची गरज नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली शेतातल्या पाण्याच्या नैसर्गिक वाहण्याला बेकायदा अडथळा केला आणि त्याने नुकसान होत असेल, तर तो काढण्याचा हुकूम तहसीलदार देऊ शकतो. अट एकच : अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागायची. आणि हेही लक्षात ठेवा की हक्क आहे तो नैसर्गिक उताराने जाणाऱ्या पाण्याचा. आपण नवा चर काढून शेजाऱ्याच्या घरात पाणी सोडू, तर तोही कायदा घेऊन आपल्या विरोधात जाईल. म्हणून भांडणाआधी दोघांनी मिळून बांधावर बसलेले बरे.

आमचाही दोष सांगून टाकतो. गेली पंचवीस वर्षे आम्ही गावोगाव पाण्यासाठी बोललो. आलेले पाणी जाणार कुठे, हे आम्ही एकाही सभेत विचारले नाही, आणि आमच्याकडे तर शेतीची पदवी होती.

येत्या जिल्हा बैठकीला येताना तीन गोष्टी आणा. पत्रकवाल्यांना कोणी पैसे भरले असतील तर पावती आणि मिळाला असेल तो कागद. दुसरे, वावराच्या सगळ्यात सखल कोपऱ्यात दीड फूट खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, एकदा जिरू द्या आणि पुन्हा भरून बघा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्यात पाणी उभे असेल तर ते वावर चिबड समजा, आणि खड्ड्याच्या भिंतीला निळसर-राखी माती किंवा गंजासारखे डाग दिसले तर तेही लिहा. तिसरे, गावातले कुठले नाले बुजले, कुठल्या रस्त्याला मोरी नाही, याची गट नंबर घालून यादी. पहिल्या कागदांवर कंपनीला नोटीस जाईल. यादी घेऊन आपण पेरणीआधी तहसीलवर जाऊ, कुदळी बरोबर घेऊन.